अनारशांवरची खसखस

शेजारी अनारसे तळल्याचा वास आला की मी आजही खिडकी लावून घेते. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर लेकीच्या सरकारी शाळेत मुलांची नशेची तपासणी झाली आणि तिच्या लघवीत अफूचा अंश निघाला. पेणकरपाड्याच्या आमच्या खोलीत मी तिचं दप्तर उलटं केलं. "कोणी दिलं? बोल!" "तुझी शप्पथ आई, तुझ्या फराळाशिवाय काहीच नाही खाल्लं." मी तिच्या थोबाडीत दिली. आठवड्याने मी रिपोर्ट दाखवून फराळाचं सांगितलं, तेव्हा मीरा रोडचा लॅबवाला म्हणाला, "ताई, अनारशांवर खसखस असते ना? ती अफूच्याच बोंडातली. खूप खाल्ली तर तपासणीत दिसते." मी धावत शाळा गाठली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण तिने कालच लिहून दिलंय, नशा करते म्हणून." घरी येऊन विचारलं, तर म्हणाली, "तूच मानत नव्हतीस, तर त्या काय मानणार?"