शेळके बाईंचं हातगाडीवरचं रॉकेट

शेळके बाईंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या जेवणाच्या डब्यावरून. मी शाळेत मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. मधली सुट्टी संपत आली होती, मी डबा उघडणार, एवढ्यात एक काटकुळ्या बाई समोर आल्या. "जरा देता का?" म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता माझा चार पुडांचा डबा उचलून नववीच्या वर्गात गेल्या. मी आपली मागोमाग. बाईंनी खालचा पूड काढून टेबलावर आपटला. "हा पहिला टप्पा. सगळं ओझं जमिनीवरनं हाच उचलतो. इंधन संपलं की रिकामा. मग रिकामा डबा घेऊन कशाला हिंडायचं? टाकला समुद्रात! आता राहिलेलं हलकं झालं, दुसरा टप्पा पेटला, वेग वाढला." असं करत त्या सगळ्यात वरच्या पुडापर्यंत पोचल्या. त्यात लिंबाचं लोणचं होतं. "आणि हा आपला उपग्रह!" पोरं खदखदून हसली. माझ्या पोळ्या तोवर वाळून कडक झाल्या.

बाई मूळच्या पाथर्डीकडच्या. बेलापूरजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, पण तासांवर. दर जूनला संस्थेच्या अध्यक्षांनी सही केली तर नोकरी, नाहीतर नारळ. घरात आजारी नवरा, दुसरी मिळकत नाही. तरी त्यांच्या तावडीतून कुणाची वस्तू सुटत नसे. शिपायाचा सायकलचा पंप, मुख्याध्यापकांची फिरती खुर्ची, सगळं वर्गात जायचं. स्टाफरूममध्ये मी जुनीपुराणी गाऱ्हाणी उगाळत बसले की त्या म्हणायच्या, "अहो, संपलंय ना ते? मग टाका की खाली! किती दिवस रिकामं वाहताय?" गेल्या वर्षी बाई गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, आणि दरवेळी आधी हसूच येतं.

एका हिवाळ्यात रस्ता दाखवणारा एक उपग्रह आकाशात गेला. शाळेच्या टीव्हीवर आम्ही ते उड्डाण पाहिलं. "तुमच्या मामाच्या टेम्पोला मोबाईल रस्ता सांगतो ना, तो वरच्या अशा चारपाच उपग्रहांचे इशारे ऐकून," बाई म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे त्यांनी ठरवलं की स्नेहसंमेलनात हेच करून दाखवायचं. भाजीवाल्याची हातगाडी आली. दांडगी पोरं म्हणजे पहिला टप्पा. ती गाडी ढकलणार, बाकीची गाडीवर बसणार. खुणेच्या रेघेवर ढकलणाऱ्यांनी अंग जमिनीवर टाकायचं, वरच्यांतून पुढच्या टप्प्याची पोरं उतरून ढकलायला लागणार. गाडी हलकी होत जाणार, वेग वाढत जाणार. हवेच्या घर्षणापासून जपणारं कवच म्हणून उपग्रहाच्या दोन्ही बाजूंना दोन सुपं धरायची, हवेचा थर संपला की ती भिरकावून द्यायची. शेवटी उपग्रह एकटा ध्वजस्तंभाभोवती फिरणार. उपग्रह म्हणून बाईंनी ज्योतीला निवडलं. तिचे आईवडील ऊसतोडीला आलेले, पोर पिसासारखी.

आणि पहिल्या टप्प्यात सगळ्यात पुढे होता पृथ्वीराज, अध्यक्ष आबांचा नातू. अंगापिंडाने आडवा, बैलाच्या ताकदीचा. दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापक घाम पुसत आले.

"बाई, आबांचा निरोप हाय. त्यांचा नातू वर बसंल म्हनले. धुळीत लोळायला न्हाई पाठवत म्हनले."

"तो वर बसला तर गाडी हलंल का, सर?"

"जूनला सही त्यांचीच लागती, बाई."

"लागू द्या. खोटं रॉकेट मी उडवायची न्हाई."

मीही बाईंना बाजूला घेतलं. एका पोराची जागा बदलल्याने काय आभाळ कोसळणार होतं? बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कवितेची कडवी वर-खाली करून शिकवता का?"

संमेलनाच्या दिवशी आबा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. पृथ्वीराजने अशी ढकल दिली की गाडीची चाकं किंचाळली. रेघ आली आणि पठ्ठ्याने नव्या सदऱ्यासकट स्वतःला धुळीत झोकून दिलं. लोक हसले. आबा उठले आणि सरळ आपल्या मोटारीत बसून निघून गेले. ज्योती ध्वजस्तंभाला फेऱ्या घालत होती, बाई माईकवरून प्रत्येक टप्पा समजावत होत्या, आणि माझं सगळं लक्ष आबांच्या रिकाम्या खुर्चीकडे.

जूनच्या वेळापत्रकात बाईंचं नाव नव्हतं. त्या स्टाफरूममध्ये आपली पुस्तकं पिशवीत भरत होत्या. मला त्यांचा राग येत होता, तरी मी एकेक पुस्तक पुसून त्यांच्या हातात देत होते. एवढ्यात मुख्याध्यापकांबरोबर आबा आत आले, मागे पृथ्वीराज.

"बाई, ह्यो पोरगा सुट्टीभर आमाला सुखानं जेवू देईना. पहिला टप्पा सगळ्यात दांडगा असतो म्हनं?"

"व्हय आबा. त्याच्याशिवाय बाकीची जागची हलत न्हाईत."

"मग त्या दिशी माईकवरनं का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. तुमी तोवर उठून गेल्ता."

मुख्याध्यापकांनी डोळेच मिटले. आबा मिशीत हसले. "परत करा. आता उठत न्हाई."

पुन्हा हातगाडी आली. पण ज्योती आईवडिलांबरोबर गावी परतली होती. मुख्याध्यापक लगबगीने पृथ्वीराजला वर चढवायला लागले, तर तो त्यांचा हात सोडवून गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. "मी पहिलाच. वर बाईंना बसवा. त्या लई हलक्या हायत."

बाई नको नको म्हणत चढल्या. गाडी सुटली. पृथ्वीराज रेघेवर आडवा झाला तेव्हा आबांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की फेटा कानावर आला. एकेक टप्पा गळत गेला. शेवटी बाई एकट्याच उतरल्या आणि पदर खोचून, हसत हसत ध्वजस्तंभाभोवती फिरायला लागल्या.

मुख्याध्यापकांनी संधी साधून कागद पुढे केला. "आबा, बाईंच्या नेमणुकीची सही..."

"करतो. ठेवा तितं," आबा म्हणाले. त्यांची नजर मैदानावरून हलली नाही. "आधी बघू द्या. बाई अजून फिरत्यात."