न दुखणारा चट्टा

गुडघे दुखतात म्हणून आत्याला आरोग्य केंद्रात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी संगणकात तिचं नाव घातलं, तशी पडद्यावर आठवण उमटली: कर्करोगासाठी तोंडाची तपासणी राहिली आहे.

"मावशी, मिश्री लावता?"

"लग्नाआधीपासून."

"मग तोंड उघडा बघू."

"अहो, दुखतायत ते गुडघे," असं म्हणत आत्यानं तोंड उघडलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. पुढच्या तपासणीत कर्करोगाची अगदी सुरुवात निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि आत्या बरी झाली.

माणूस दुखतं तेवढंच सांगतो. न दुखणाऱ्याची चौकशी दुसऱ्या कुणीतरी करावी लागते. इथं ती आठवण यंत्रानं करून दिली.

परवा आत्या शेजारच्या काकूंना केंद्रात चला म्हणत होती.

"मला कुठं काय होतंय?" काकू म्हणाल्या.

"म्हणूनच आत्ता चला," आत्या म्हणाली.