साडी मी जाळली

लग्न होऊन राळेगावला आल्यावर सहा-सात वर्षांनी मी शिवण शिकायला जाऊ लागले. घरी शेती, कापूस आणि तूर. मुलगी शाळेत जायला लागली होती आणि दुपारचे तीन तास मोकळे मिळत होते. मशिदीच्या मागच्या गल्लीत एक मुस्लिम बाई क्लास घ्यायच्या. सगळे त्यांना आपा म्हणत. पुढच्या खोलीत सहा मशिनी, मागच्या खोलीत कटिंगचं टेबल आणि इस्त्री, मधल्या बोळीत पाण्याचा माठ. आपा गिऱ्हाइकांचे कपडेही शिवायच्या, आणि आमच्यापैकी जिचा हात बसला तिला त्यातलं थोडं थोडं काम द्यायच्या.

आम्ही आठ जणी होतो. त्यातल्या दोघींचा या हकिकतीशी संबंध आहे. एक, आमच्यात वयानं सगळ्यात मोठी. तिला आम्ही मोठ्या ताई म्हणायचो. ती चार वर्षांपासून येत होती आणि आपा बाहेर गेल्या की क्लास तीच सांभाळायची. दुसरी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. ती कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून यायची. आधी फाट्यापर्यंत पायी, मग एसटीनं. बोलायची कमी. तिची तुरपाई, म्हणजे कडेची हातशिलाई, इतकी बारीक असायची की आपा ती उजेडात धरून आम्हाला दाखवायच्या. दुपारी ती डबा घेऊन बाहेरच्या पायरीवर जेवायची. तिला आत ये असं आमच्यापैकी कोणी कधी म्हणालं नाही. मीही नाही. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. बँकेत काम करणाऱ्या एका माणसाची बायको, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, आपल्या वारलेल्या आईची रेशमी नऊवारी घेऊन आली. वांगी रंग, जरीचा रुंद पदर. मुलीच्या साखरपुड्यासाठी त्या साडीचा घागरा करायचा होता. कापायच्या आधी सगळी साडी इस्त्री करून घ्यायची होती. आपांनी ते काम मला आणि त्या मुलीला दिलं. "इस्त्री धीमी रखना, रेशम है," एवढं सांगून त्या अस्तर आणायला बाजारात गेल्या. ती मुलगी पुढच्या खोलीत हातातलं काम संपवत होती, म्हणून सुरुवात मी केली.

तेवढ्यात माझ्या बहिणीचा महागावहून फोन आला. भावाच्या बायकोचं काहीतरी गाऱ्हाणं होतं. मी फोन खांद्यात आणि कानात धरला आणि हात चालू ठेवला. इस्त्रीचं बटण आधीच्या सुती कपड्यांवरच राहिलं होतं, ते मी फिरवलं नव्हतं. बहिणीचं ऐकता ऐकता एका जागी हात थांबला. केस जळल्यासारखा वास आला तेव्हा उचलला. पदरावर तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता आणि रेशीम तिथे आक्रसलं होतं.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी दिसलं नाही. मग डाग आत जाईल अशी साडीची घडी घातली, ती टेबलावर ठेवली आणि आपल्या मशिनीवर जाऊन बसले. जाता जाता त्या मुलीला म्हणाले, "म्या अर्धी केली. बाकीची तू करून घे."

ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. दोन्ही हातांवर साडी पसरून. आपा नुकत्याच अस्तर घेऊन दारात पोचल्या होत्या. "आपा, हे पाहा," ती म्हणाली.

तिनं स्वतः होऊन ती आणून दाखवली. तेच तिच्या अंगाशी आलं.

"किसने करी?" आपांनी विचारलं.

"म्या आत्ताच उचलली. पहिलेपासून जळूनच होती," ती म्हणाली.

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "म्या अर्धी केली, आपा. तवा त चांगली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. माझं वाक्य अर्धं आहे, पुढचं मी आता बोलीन, असं समजून थांबल्यासारखी. मी मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला. मोठ्या ताई मागून म्हणाल्या, "पोडावर कुठे असते आपा इस्त्री? तिले काय समजते गरम अन् थंड." दोघी-तिघी हसल्या. मी हसले नाही, पण हसण्यासारखं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझ्या आईची एवढीच वस्तू होती, आणि असल्या पोरीच्या हातात दिली तुम्ही?" ती उभी राहिली. "मॅडम, म्या नाही जाळली," म्हणाली. तीन वेळा तेच वाक्य, त्याच आवाजात. आपा तिला हळूच म्हणाल्या, "सच बोल दे बेटी. मैं गुस्सा नहीं करती."

"सचच सांगून राह्यली, आपा."

त्यानंतर ती दोन दिवस आली. मग यायची बंद झाली.

मला वाटलं, मी सुटले. पण त्याच्या आधीच, म्हणजे मॅडम बोलून गेल्या त्या संध्याकाळी, मोठ्या ताई घरी जाताना माझ्याबरोबर वळणापर्यंत चालत आल्या होत्या.

"इस्त्री करता करता कोणाशी बोलून राह्यलती वं फोनवर?"

मी थांबले. साडी जळली त्या वेळी त्या बोळीत माठाजवळ पाणी प्यायला आल्या होत्या. सगळं पाहिलं होतं त्यांनी.

"भिऊ नको. माह्या पोटात राह्यते," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

दोन दिवस काही झालं नाही. मग त्यांनी माझ्यापुढे ब्लाउजचा ढीग ठेवला. "एवढे हुक लावून दे." दुसऱ्या दिवशी काज. त्यानंतर फॉल. माझी चांगली मशीन त्यांनी घेतली आणि धागा तोडणारी मला दिली. पुढे क्लासचं सोडून घरचंही आलं. त्यांचं दळण मीच चक्कीवर न्यायचं, त्यांच्या मुलाला ट्यूशनहून मीच आणायचं. कधी कांकू केलं की त्या सगळ्यांसमोर हसत म्हणायच्या, "सांगू का आपाले?" बाकीच्यांना ती थट्टा वाटायची. त्याही हसायच्या. मी मात्र पुढचं काम ओढून घ्यायची.

मी मागच्या गल्लीनं जायला लागले, त्या वाटेत भेटू नयेत म्हणून. आपांनी नुसती हाक मारली तरी वाटायचं, ताईंनी सांगितलं. घरी मुलीवर कारण नसताना ओरडायची. नवरा म्हणाला, "तुले होऊन काय राह्यलं?" मी म्हणाले, पित्त झालं. लाज वाटते ती याची, की त्या सगळ्या दिवसांत मी फक्त माझ्याच त्रासाचा विचार केला. आपल्यावर किती अन्याय होतोय म्हणून मोरीत उभी राहून रडले. ती मुलगी घरी बसून काय करत असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

दिवाळी झाली. शिवणाच्या सरकारी परीक्षेचे आमचे फॉर्म भरून झाले, त्या मुलीचा राहिला. आणि एक दिवस आपांची जाड कापडाची मोठी कात्री, पोळ्यापासून कोणी काढलीच नव्हती ती, सापडेना. आपांनी सगळी कपाटं उघडली, आम्ही टेबलाखाली पाहिलं, कुठेच नाही. तेव्हा मोठ्या ताईंनी मला बोळीत गाठलं.

"आपानं विचारलं त सांगजो, त्या पोडावरच्या पोरीच्या पिशवीत पाह्यलती म्हणून."

"म्या नाही पाह्यली, ताई."

"मले मालूम आहे. पण चाव्या माह्याजवळ राह्यतेत, आपा माह्यावर शक घेईन. मंग तुह्या साडीचं म्या एकटीनंच कायले गप राहू?"

कात्री त्यांनी घेतली नव्हती, हे नंतर कळलं. चिंध्यांच्या पोत्यात तळाशी गेली होती, पोतं रिकामं केलं तेव्हा निघाली. त्यासुद्धा घाबरल्याच होत्या. पण त्या दिवशी आपांनी मला विचारलं, आणि मी म्हणाले, "असंन, आपा. जायच्या दिवशी तिच्या पिशवीत कायतरी चमकलं होतं खरं."

मीच ते बोलले. कोणी माझा गळा धरला नव्हता. आपा छोट्या कात्रीनं कापायला लागल्या. मी घरी आले, पानावर बसले आणि अर्ध्यावरून उठले. ती पोरगी तिथे नव्हतीसुद्धा, आणि मी तिच्यावर दुसरी गोष्ट लादून आले होते. पहिल्या वेळी मी घाबरून बोलले असं स्वतःला समजावलं होतं. ह्या वेळी ते जमेना. शिवाय हेही कळत होतं की हे इथे थांबणार नाही. उद्या आणखी काही हरवेल.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या तासभर आधी गेले. आपा मशिनीला तेल देत बसल्या होत्या.

"आपा, साडी म्या जाळली. तिनं नाही. फोनवर बोलता बोलता जळली अन् म्या घडी घालून ठेवून देली."

आपांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "और कैंची?"

"म्या काहीच नाही पाह्यलं. खोटं बोलली."

बराच वेळ त्या मशिनीचं चाक नुसतं पुढेमागे फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता क्लासमधून काढतील. तसं झालं तर बरंच, असंही वाटलं.

"मैंने भी यकीन नहीं करा उसपे," त्या म्हणाल्या. "पूछा तो ऐसा पूछा, जैसे उसीने करा." चष्मा काढून त्यांनी ओढणीनं पुसला. मग म्हणाल्या, "मेरेकू कायकू बताती? जिसकू बोलना उसकू जाके बोल."

दुपारी सगळ्या आल्या. मोठ्या ताईंनी नेहमीसारखा ढीग माझ्यापुढे सरकवला. मी म्हणाले, "आज मी आपलंच काम करतो, ताई."

"सांगू का आपाले?"

"आपाले सांगतलं," मी म्हणाले, आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पोळ्याच्या वेळची ती साडी म्या जाळलती."

मशिनी थांबल्या. कोणी माझ्याकडे पाहीना. मोठ्या ताईंनी आपला ढीग उचलला आणि म्हणाल्या, "आता सांगून काय फायदा." त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता. चार महिने मी ज्या बाईला भ्याले ती माझ्यासमोर बसून आपले हुक आपण लावत होती. त्या संध्याकाळी मी सरळ मोठ्या रस्त्यानं घरी आले. अंग हलकं झालं होतं, भूक लागली होती. आणि त्या हलकेपणाचीच मला शरम वाटली, कारण ज्या मुलीचं ओझं उतरायला हवं होतं तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

रविवारी गेले. फाट्यावर उतरून विचारत विचारत पोडावर पोचले. ती एका शेतात कापूस वेचायला गेली होती, म्हणून तिथे गेले. आमच्या शेतातही अशाच बाया वेचायला येतात. त्यांच्या घराची वाट मी पहिल्यांदाच चालत होते. ती तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, वाकून वेचत होती, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. मला पाहून सरळ झाली.

"साडी म्या जाळली होती," मी म्हणाले. पुढे काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

"तुमीच असान, असं वाटलंतं मले," ती म्हणाली. "तुमीच त होत्या इस्त्रीवर."

"मंग तवा काहून नाही सांगतलं माझं नाव?"

"म्या पाह्यलं नोयतं ना, ताई. न पाह्यलेलं कसं सांगू?"

मी तर न पाहिलेली कात्री तिच्या पिशवीत पाहिली होती. तेही सांगितलं. ते ऐकून मात्र तिचा चेहरा बदलला. ती पुन्हा वाकली आणि वेचायला लागली. पलीकडच्या तासातून तिच्या आईनं ओरडून विचारलं, कोण आहे म्हणून. "क्लासमधल्या ताई हायेत," तिनं सांगितलं, आणि एवढंच सांगितलं.

थोड्या वेळानं खाली पाहतच म्हणाली, "त्या मॅडमले सांगतलं का?"

"नाही."

"त्या बजारात भेटल्या की तोंड फिरवतेत."

मी सोमवारी मॅडमच्या घरी गेले. दारातच उभं राहून सांगितलं. त्या म्हणाल्या, "चार महिन्यांनी सांगता?" मी हो म्हणाले. "जाऊ द्या. आई काही परत येत नाही. त्या पोरीचं काय, ती विसरलीही असेल."

"नाही विसरली," मी म्हणाले. "तुम्ही भेटल्या की तिच्याशी एकदा बोला."

"मी कशाला?" म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. पुढे त्या तिच्याशी बोलल्या की नाही, मला ठाऊक नाही. तिला विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

आपा स्वतः पोडावर जाऊन तिला बोलावून आल्या. कापसाचा हंगाम आटोपल्यावर ती पुन्हा येऊ लागली. माझ्याशी बोलते, पण विचारलं तेवढंच. मोठ्या ताईही दिसतात, आम्ही एकमेकींची खुशाली विचारतो. मला त्यांची भीती वाटत नाही. त्यांना नावं ठेवायलाही तोंड नाही. त्यांनी पाहूनही तोंड उघडलं नाही, आणि मी केलं तेही तेच. आता ती मुलगी आपल्या गावात शाळेचे गणवेश शिवते, चांगली शिवते. सरकारी परीक्षेला ती एक वर्ष उशिरा बसली. मी वेळेवर बसले होते, आणि पासही झाले होते.