चौथा सिनेमा शेवटी का गेला

पाचवा सिनेमा सगळ्यात भारी म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलत असतो, नाही तर त्याने तो सिनेमा पाहिलेलाच नसतो. माझ्या नवऱ्याने त्याला पहिला नंबर दिला तेव्हा मला दोन्ही शंका आल्या. याच माणसाच्या मोटरसायकलवर मागे बसून माझी दहा वर्षांची मुलगी रोज शाळेत जाते, हे मात्र माझ्या डोक्यात जरा उशिरा आलं.

संशयी मी पहिल्यापासूनच. माहेरी मला पोलीस पाटील म्हणायचे. भाजीवाली जास्त गोड बोलली की मी जुडी उलटी करून बघते. त्यामुळे बेडकाच्या सिनेमांची क्रमवारी लावण्यासारख्या फालतू गोष्टीतही मला काहीतरी वास आला, यात नवल नाही.

आधी बेडकाचं सांगते. मूळ मोठा सिनेमा एका जादूगारणीचा होता. तिच्या झोळीत एक बेडूक बसलेला असायचा आणि मधूनच काहीतरी खवचट बोलायचा. पोरांना तो इतका आवडला की सिनेमावाल्यांनी जादूगारणीला घरी बसवलं आणि एकट्या बेडकाचे पाच कार्टून सिनेमे काढले. रविवारी दुपारी, मिसळ खाऊन सुस्तावल्यावर, आम्ही तिघं खिडकीला चादर लावून त्यातला एकेक बघायचो. पाचही संपले तेव्हा मुलीने फर्मान काढलं, आता प्रत्येकाने नंबर लावायचे, आणि का ते सांगायचं.

पहिल्यात बेडूक झोळीतून पळतो, दुसऱ्यात त्याचं एका वादळाशी भांडण होतं, तिसऱ्यात लग्न ठरता ठरता मोडतं. पाचव्यात नुसता आरडाओरडा आणि दर दहा मिनिटांनी गाणं. चौथा मात्र वेगळा. रात्रीचं मोठं तळं, निळा काळोख, आणि त्यात एवढासा बेडूक आपलं घर शोधतोय. बोलणं जवळजवळ नाहीच. तो संपल्यावरही मी खिडकीची चादर काढायला उठले नव्हते. मी डोळे झाकून चौथा पहिला लावला. मुलीनेही तोच लावला.

नवरा सातपूरच्या एका कारखान्यात तपासणीवर आहे. मशीनवरून पार्ट आला की हातात घेऊन बघायचा आणि पास, रिवर्क की रिजेक्ट ते सांगायचं. घरातही त्याची हीच भाषा. वरण पास, भाकरी रिवर्क. त्याने सोफ्यावर मांडी घातली आणि निकाल दिला, "पाचवा एकदम पास. मग दुसरा, पहिला, तिसरा. चौथा रिजेक्ट."

"रिजेक्ट?" मी म्हटलं. "अहो, काय बोलताय?"

"काही घडतच नाय त्याच्यात. लय बोअर."

मी मुलीकडे पाहिलं. बाप चुकला की ती एरवी त्याच्यावर तुटून पडते. आज ती खाली मान घालून चादरीचे दोरे ओढत बसली होती. तिथेच माझा संशय पक्का झाला. या दोघांचं काहीतरी शिजत होतं.

मला आधी वाटलं, मोबाइल. पोरीला स्वतःचा मोबाइल हवा होता आणि मी नाही म्हटलं होतं, तर दोघांनी मिळून काही ठरवलं असणार. मी दोघांवर पाळत ठेवायला लागले. पाळत ठेवली की दिसायचं ते दिसतं, पण दिसलं ते भलतंच.

त्याने आणलेल्या मेथीत पिवळी पानं निघायला लागली. टोमॅटो घेताना तो बघायचा नाही, अंगठ्याने दाबायचा. चहाचा कप उचलण्याआधी हात टेबलावरून हळूच सरकत जायचा. मुलगी विनोदावर हसली की तो हसायचा, तिच्यानंतर, नेमका थोडासा उशिरा. आणि सिनेमा बघताना ती त्याच्या कानाशी अखंड बडबडत असायची. तिची ही सवय मला अजिबात आवडत नसे. चौथ्याच्या वेळी तर मी तिला चांगलंच झापलं होतं, "एक तरी सिनेमा शांतपणे बघू दे गं, तोंड मिटून बस!" ती मिटून बसली होती.

मग एका सकाळी मी गॅलरीत उभी राहून दोघांना जाताना पाहिलं. मुलीने हनुवटी बापाच्या खांद्यावर टेकवली होती. रोजच टेकवते, मला ते लाडाचं वाटायचं. त्या दिवशी तिचे ओठ हलताना दिसले. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, तिने काहीतरी सांगितलं आणि मगच गाडी पुढे गेली. पुढे मुंबई नाक्याची गर्दी. ट्रक, रिक्षा, अंबडला जाणाऱ्या कामगारांच्या बस. मोबाइलबिबाइल सगळं डोक्यातून गेलं. याला दिसत नसेल तर?

विचारलं असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं. मी विचारलं नाही. रविवारी मुलीला गच्चीवरचे कपडे आणायला पिटाळलं आणि चौथा सिनेमा पुन्हा लावला.

"हा कशाला? रिजेक्ट झालाय ना तो," तो म्हणाला.

"मला बघायचाय."

तळं आलं. निळा काळोख, पाण्यावर एक पान, पानावर बेडूक. मग बेडकाने पाण्यात उडी मारली आणि पान नुसतं हलत राहिलं. आवाज असा काही नव्हताच. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, हसतोय का हो तो बेडूक, की रडतोय?"

त्याने मान जरा पुढे केली. "हसतोय ना," तो म्हणाला.

पडद्यावर बेडूक नव्हताच. नुसतं पान होतं.

मी टीव्ही बंद केला. माझा संशय खरा ठरला की मला नेहमी एक समाधान मिळतं. त्या दिवशी मिळालं नाही. मला रडू येत होतं आणि त्याच्या दोन कानशिलात द्याव्यात असंही वाटत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने मांडी सोडून पाय खाली घेतले. मग म्हणाला, "दिवाळीनंतर वाढलंय. धुकं असल्यासारखं दिसतं गं. थंडी गेली की जाईल वाटलं."

"थंडी जाऊन उन्हाळा लागला."

"कंपनीत कळलं तर पॅकिंगला टाकतील. इतकी वर्षं पार्ट पास केले मी. खोकी चिकटवत बसू?"

"आणि पार्ट कसे बघता आता?"

"अंगठ्याला कळतं." त्याने अंगठा पुढे केला, मला पटावं म्हणून.

"रस्ता पण अंगठ्यालाच कळतो का? मागे पोर बसते माझी!"

उत्तर दारातून आलं. मुलगी कपड्यांचा ढीग छातीशी धरून उभी होती. "गाडीवर मी सांगते ना पप्पांना. डावीकडे रिक्षा, पुढे स्पीडब्रेकर, सिग्नल लाल. सगळं सांगते. एकदापण पडलो नाही आम्ही."

मी खाली बसले. ती पुढे आली आणि कपडे माझ्या मांडीत टाकून रडत म्हणाली, "सिनेमाचं पण सांगते. चौथ्याला तूच मला गप्प बसवलंस. म्हणून पप्पांना तो दिसलाच नाही. आणि वर तू त्यांनाच 'काय बोलताय' म्हणालीस."

इतके दिवस मी दोघांवर पहारा ठेवला, आणि तिची बडबड ही बडबड नव्हती एवढं मला कळलं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीने बापाची नोकरी आणि अख्खा रस्ता जिभेवर पेलला होता, आणि मी तिला तोंड मिटायला सांगितलं होतं.

गाडीची चावी मी त्याच संध्याकाळी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, साखरेमुळे लवकर आलेला. आधी साखर खाली आणा, मग एकेक डोळ्याचं ऑपरेशन करू, असं ते म्हणाले. नवऱ्याने कंपनीत स्वतःहून सांगितलं. पॅकिंगलाच टाकलं त्याला, ऑपरेशन होऊन डोळे तपासून घेईपर्यंत. पुढे परत घेतील असं साहेब म्हणाले. माझा त्यांच्यावर विश्वास नाही, पण तो माझा कोणावरच नसतो.

मुलगी मात्र माझ्याशी बोलेना. शाळेत मी तिला रिक्षाने सोडायचे तर ती बाहेर तोंड करून बसायची. तिचं काम मी काढून घेतलं होतं, आणि गुपितही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा चौथा लावला. नवरा निमूट बसला. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली. तळं आलं. मी घसा खाकरला आणि सुरू केलं, "हं, तर आता रात्र आहे. पाणी आहे. पाण्यात... पान आहे."

"कसलं पान?" नवऱ्याने विचारलं.

"पान म्हणजे पान. हिरवं. आणि त्याच्यावर बेडूक बसलाय."

"काय करतोय?"

"बसलाय, सांगितलं ना. आता... उडी मारली वाटतं. पाणी हललं."

"कुठे गेला मग?"

मला खरंच सांगता येईना. डोळ्यांसमोर सगळं होतं, आणि तोंडातून नुसतं पान आणि पाणी बाहेर पडत होतं. भिंतीकडून एक मोठा सुस्कारा आला. मुलगी उठली, आमच्या दोघांच्या मध्ये घुसून बसली आणि बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

"आई," ती म्हणाली, "तू तोंड मिटून बस. मी सांगते."