केरबा मिस्त्रीची शेवटची पायरी

दुपारचं जेवण उरकून हौसाबाई जिन्याखाली सतरंजीवर कलंडते. आनंदा सुतार जेवायला घरी गेलाय. सिमेंटच्या जिन्यावर खालपासून सागवानी फळ्या बसल्या आहेत, शेवटच्या पायरीची तेवढी राहिलीय. ताज्या भुशाचा वास नाकात भरतो, डोळे मिटत येतात, आणि वरून कुणीतरी खाकरतं.

ते खाकरणं तिच्या ओळखीचं आहे. तिचा नवरा, दोन वर्षांमागं गेलेला केरबा मिस्त्री, जिन्याच्या टोकाशी मांडी घालून बसलाय. कानावर पेन्सिल, पायजम्यावर सिमेंटचे शिंतोडे. मेलेल्या माणसानं निदान हातपाय धुऊन यावं, असं तिच्या मनात येतं.

"काय चालवलंयस हे?" तो विचारतो.

"दिसतंय की. जिना झाकतीय."

गावातले निम्मे जिने केरबानं ओतलेले. एकाही पायरीला कुणी नाव ठेवलं नाही. स्वतःच्या घरी मात्र वरच्या खोलीच्या फरशीची जाडी धरायला तो विसरला, आणि शेवटच्या पायरीवरून वर पाय टाकताना तो दोन बोटं जास्त उचलावा लागू लागला. पण हे बोलायची सोय नव्हती. पायरी बरोबर हाय, पाय उचलून टाका, एवढंच त्याचं म्हणणं. नव्या सुनेला उंबरा ओलांडल्याबरोबर देवघराच्या आधी ही पायरी सांगितली जाई. हौसाबाईनं सारा संसारभर पाय उचलून टाकला. गेल्या उन्हाळ्यात कुरडयांचा ऊन ऊन चीक घेऊन गच्चीवर निघाली, तेव्हा तो उचलला गेला नाही. मनगट मोडलं, जिनाभर चीक सांडला.

तेव्हापासून मुलगा दिनकर म्हणतोय, आई, तू आता वर जायचं नाहीस, मी जिन्याला दारच लावतो. वर तिचं वाळवण, तिचं ऊन, कठड्यापलीकडच्या शेजारणी. खाली कोंडून घ्यायला ती तयार नाही.

ती उठून पायऱ्या चढू लागते. चार पायऱ्या गेल्या की फळी पायाला ओली लागते. कोयनेचा घाट आहे. इथंच त्याची राख सोडली होती. तो पाण्यात पाय सोडून बसलाय, कानावरची पेन्सिल तशीच.

"ह्या बी पायऱ्या वरखाली हायत," तो म्हणतो. "ह्यांना कुणी नावं ठेवतं का?"

"ह्यांच्यावरनं मी चीक न्हेत न्हाई."

मग तो लाकडाचे दोष सांगत सुटतो. वाळवी लागते, पावसाळ्यात फुगतं, चालताना कुरकुरतं. कुरकुरलं तरी ते मला पाडणार नाही, असं ती त्याला सुनावते. शेवटी तो हुकमाचं पान काढतो. सगळ्या पायऱ्या फळीमुळं दोन बोटं वर आल्या, तर वरची चूक निघेल, पण खालची पहिली पायरी तेवढीच उंच होईल, ते बघितलंस का? तिनं बघितलंय. जिन्याच्या पायथ्याला तिनं आधीच जादा फरशी टाकून घेतलीय.

पाणी मागं सरतं आणि दोघं परत जिन्याच्या टोकाशी असतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. हा तर खरोखरच जळालाय, तरी चुकलो एवढं तोंडातून निघत नाही. हौसाबाईला राग येतो, आणि त्याची आठवणही तेवढीच येते.

"तुमी चुकला म्हना, असं माजं म्हननं न्हाई," ती म्हणते. "पन तुमचा जिना मला खाली बसवनार असंल, तर मी तो झाकनार. मी वर जानार."

तो सिमेंटचे हात पायजम्याला पुसतो.

"झाक," तो म्हणतो. "पन फळीची रेघ मी मारनार. आनंदाची वाकडी येती."

खिशातून तो सरळ रेघ उठवायची, निळीत माखलेली दोरी काढतो आणि एक टोक तिच्यापुढं धरतो. बायकांनी घमेली उचलायची, दोरी मिस्त्रीच्या हातात, हा त्याचा कायम शिरस्ता. जिवंतपणी त्यानं ती तिला कधी धरू दिली नव्हती. ती चिमटीत टोक घट्ट धरते. तो दोरी ताणतो, उचलून सोडतो, टप्प आवाज होतो.

त्या आवाजानं ती जागी होते. वरून आनंदा हाक मारतोय. "काकी, ही फळीची रेघ कुनी मारली? मी तर अजून माप बी घेतलं न्हवतं."

हौसाबाई उजवा हात डोळ्यांसमोर धरते. अंगठा आणि पहिलं बोट नखापर्यंत निळं झालंय.

"मिस्त्रीनं मारली," ती म्हणते. "तू ठोक."

फळी ठोकून होते. निळी बोटं भिंतीला टेकवत ती जिना चढते. शेवटच्या पायरीवरून पाय जुन्या सवयीनं दोन बोटं जास्तच उचलला जातो आणि वरच्या फरशीवर दाणकन आपटतो. तिला हसू येतं, डोळेही भरून येतात.

"बघा," मागं वळून रिकाम्या जिन्याला ती म्हणते, "आले का न्हाई वर?"