बघत बसणारे डॉक्टर

उस्मानपुऱ्यात बालरोगतज्ज्ञ पुष्कळ, पण लेकराचा शर्ट काढून नुसतं बघत बसणारे एकच. स्टेथोस्कोप नंतर. आधी आईनं गप्प बसायचं आणि डॉक्टरांनी मुलाच्या बरगड्यांकडे टक लावायची. लोकांनी त्यांचं नाव ‘बघे डॉक्टर’ पाडलं होतं. दवाखान्याच्या खालीच माझं मेडिकल, त्यामुळे हे नाव पसरवायला माझाही हातभार लागला.

दुपारचा चहा मी वर त्यांच्याकडेच घ्यायचो. एकदा चिकलठाण्याहून एक बाई आली. म्हणाली, “लई खोकतंय सायेब, रातभर झोप नाय. कायतरी कडक द्या.” डॉक्टरांनी पोराच्या हातात स्कूटरच्या चाव्या दिल्या. पोरगं खेळायला लागलं. मग छाती ऐकून त्यांनी सांगितलं, “श्वास धावत नाही, बरगड्या आत ओढल्या जात नाहीत, खेळतोय, पितोय. अँटिबायोटिकचं इथं काही काम नाही. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळेल आणि जाईल. श्वास धावला किंवा पिणं सोडलं, तर मात्र तडक या.”

अशा आया हिरमुसून खाली यायच्या. चिठ्ठीवर फार तर तापाचं औषध. “तुमच्यापायी मी माशा मारत बसतो,” मी कुरकुरायचो. “मग बिस्किटं विका, भाऊ,” ते म्हणायचे आणि स्वतःच एक पुडा विकत घ्यायचे.

मग त्यांचाच नातू खोकायला लागला. सून रडत होती, पुण्याहून तिच्या आईचे फोन येत होते की घरात डॉक्टर असून लेकराला औषध नाही. संध्याकाळी ते स्वतः दुकानात आले. चिठ्ठी नव्हती. खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीकडे बघत त्यांनी हळूच अँटिबायोटिकची बाटली मागितली. मी निमूटपणे कागदात गुंडाळून दिली.

नातवाचा खोकला जायचा तेव्हाच गेला, वर जुलाब मात्र झाले. काही दिवस डॉक्टरांनी मला चहाला बोलावलं नाही. पुढं गेलो तर ती अर्धी बाटली त्यांच्या टेबलावर. हट्टाला पेटलेली आई आली की ते बाटली पुढं सरकवायचे. “ही माझ्या नातवाची. गरज नाही हे मला कळत होतं, तरी घरच्यांच्या रडण्याला भ्यालो. तुम्ही भिऊ नका.” बोलताना मान खाली जायची, कान लाल व्हायचे. आया चिठ्ठी घेऊन उठायच्या. मी चहा अर्धा टाकून खाली दुकानात यायचो.

मागच्या वर्षी दवाखाना बंद करून ते मुलाच्या कुटुंबाबरोबर पुण्याला गेले. निघताना दुकानात आले. “भाऊ, माझं बोलणं इतकी वर्षं तुम्ही ऐकलंत. त्या दिवशी तुम्ही तरी नाही म्हणायचं होतं.” त्यात राग नव्हता. घरच्या माणसाला म्हणावं तसं म्हणाले.

“तुम्ही डॉक्टर. मी कोण नाही म्हणणार?” मी म्हणालो. ते खोटं होतं. त्या संध्याकाळी बाटली बांधताना मला बरं वाटलं होतं. मनात म्हटलं होतं, आले शेवटी वळणावर. डॉक्टरांनी माझा हात दाबला आणि रिक्षात बसले.

आता चिठ्ठीशिवाय कुणी ती बाटली मागितली तर मी नाही म्हणतो. समोर गिऱ्हाईक कुणीही असो, मला तेच उभे दिसतात, गोळ्यांच्या बरणीकडे बघत, माझ्या ‘नाही’ची वाट बघत.