गारठलेली मुळं

बारावीचं पेशीविभाजन म्हणजे चिंचणीच्या जयवंतीबाई साव्यांचं वतन. बोईसरच्या कॉलेजात केस पिकेपर्यंत तो धडा त्यांनीच शिकवला. यंदा प्राचार्यांनी तो रूपलला दिला. रूपल त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, हातात खडू धरून वर्षही झालं नव्हतं. बाईंच्या पोटात दुखलं, चांगलंच दुखलं. वरून मात्र म्हणाल्या, "शिकवू दे, सवय होईल पोरीला."

आणि दाराआडून ऐकत उभ्या राहिल्या. या वयात शोभतं का हे? पण राहवेना.

रूपल विचारत होती, "वारली लग्नात धवलेरी आलीच नाही तर?"

"लगीन नाय लागत," डोंगराकडून येणारी रुचिता म्हणाली. "माजी आजी धवलेरी हाय. ती गाते तवा पुढचा विधी."

"पेशीत ते काम एन्झाइम करतात. डीएनएची प्रत पुरी झाली का, गुणसूत्रं धाग्यांना नीट बांधली गेली का, हे पाहिल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. आणि टप्पा उरकला की एन्झाइमचं जोडीदार प्रथिन मोडलं जातं, म्हणजे तोच विधी पुन्हा नको."

वर्ग खुदकन हसला. हेच सगळं बाईंनी जन्मभर उतरवून दिलं होतं. एक पोरगी कधी हसली असेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. पाण्याच्या ग्लासांवर कांदे ठेवून मुळं वाढवली होती. त्यांच्या टोकांत विभागणाऱ्या पेशी दिसतात. आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळा रिकामी झाली तसं बाईंनी सगळे ग्लास फ्रिजमध्ये सारले. थंडीत एन्झाइम मंदावतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सकाळी ग्लास गुपचूप जागेवर. होऊ दे एकदा फजिती.

झालीच. सूक्ष्मदर्शकात एक पेशी विभागताना दिसेल तर शपथ. पोरी कुजबुजू लागल्या. बाई हाताची घडी घालून दारात येऊन उभ्या राहिल्या.

रूपलनं ग्लासला हात लावला. गार होता. तिनं वळून बाईंकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"बाई, तुम्ही फ्रिजमध्ये ठेवलेत ना?"

बाईंनी हाताची घडी सोडली.

"मुलींनो, मी बारावीत असताना बाई म्हणाल्या होत्या, थंडीत थांबलेली मुळं पाहिल्याशिवाय एन्झाइमचं काम कळायचं नाही. माझ्या लक्षातच नव्हतं. आज बाईंनी माझा धडा पुरा केला. आता हे कांदे उबेला ठेवू, उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी स्लाइडवर विभागणाऱ्या पेशी जागोजागी दिसल्या. रुचिता म्हणाली, "धवलेरी गारठली होती, बाई." वर्गानं जयवंतीबाईंसाठी टाळ्या वाजवल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

रूपल पाया पडायला वाकली. बाईंनी पाय झटकन मागे घेतले.

पोरीला वाटलं, बाई लाजल्या.